चौदा नंबरचं बिऱ्हाड

४ मार्च, सोमवार

पालिकेकडून हॉलची किल्ली मिळाली. बंद पडलेल्या पोस्टाचा खालचा मजला. तीन खिडक्या, जाळ्या शाबूत, भिंतीला पत्रं लावायचे लाकडी खण. दोन बादल्या पाणी काळं झालं तेव्हा फरशीचा रंग कळला.

कामाचं स्वरूप लिहून ठेवते, म्हणजे पुढे घोळ नको. बाहेरच्या देशांतून आलेली माणसं रोज सकाळी बाजाराच्या कोपऱ्यावर, जोड्यांच्या दुकानासमोर, रोजंदारीसाठी उभी राहतात. ज्याला गवंडी हवा, सामान हलवायला माणूस हवा, तो गाडी थांबवतो आणि बोट दाखवून माणूस उचलतो. रस्ता अडतो, दुकानदार ओरडतात. म्हणून पालिकेने या लोकांसाठी केंद्र काढलं आहे. मेअखेरपर्यंत प्रयोग. मग समिती ठरवणार, केंद्र चालू ठेवायचं की हॉलचा गाडीतळ करायचा.

केंद्रप्रमुख म्हणून माझी निवड एकमताने झाली. अध्यक्ष म्हणाले, "एकोणतीस वर्षं शाळा सांभाळलीत, हे तर त्यापुढे काहीच नाही." किती अर्ज आले होते ते विचारलं, तेव्हा त्यांनी चहा मागवला.

५ मार्च, मंगळवार

सातला दार उघडलं. अकरापर्यंत एकच माणूस आला, तोही पाकिटं मागायला. पोस्ट बंद होऊन दोन वर्षं झाली असं सांगितलं तर माझ्यावरच चिडला.

बाराला मीच कोपऱ्यावर गेले. साठेक माणसं असतील. टाळ्या वाजवून सांगितलं, उद्यापासून सगळ्यांनी सात वाजता पोस्टात यायचं. कुणी हललं नाही. एक बाई पुढे आली, हातात बादली आणि पोछा, वय पन्नाशीचं. इथली भाषा तिला चांगली येते. घरं, जिने, कचेऱ्या साफ करते.

"तिथे पंखा आहे का?"

"आहे."

"संडास?"

"आहे. स्वच्छ आहे. मी स्वतः धुतला."

तिने मागे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. सगळे हसले. बहुधा संडासाबद्दलच असावं.

६ मार्च, बुधवार

एकोणचाळीस जण आले. नोंदवही घातली. पूर्ण नाव, पत्ता, कामाचा प्रकार, वेळ. वहीशिवाय संस्था चालत नाही हे मी शाळेत शिकले आणि शिकवलं.

पहिला आला तो फरशीवाला. चाळिशीचा, गुडघ्यांना जाड रबरी पट्टे बांधलेले, ते तो चालतानाही काढत नाही. नाव विचारलं तर त्याने आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग सांगितलं. पत्ता: कालव्याची गल्ली, घर नंबर चौदा. मागच्याचंही आडनाव तेच, पत्ताही तोच. त्याच्या मागच्याचाही. एकूण तेवीस जण एकाच आडनावाचे निघाले. एकाच घराण्यातले दिसतात. मोठी कुटुंबं असतात त्यांच्याकडे.

सफाईवालीने विचारलं, "ही वही कुठे जाते?"

"माझ्या टेबलात. कुलूप आहे."

"आणि नंतर?"

"नंतरही तिथेच. हॉलच्या बाहेर जाणार नाही. मी सांगितलं म्हणजे सांगितलं."

तिने फरशीवाल्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. मग तिनेही सही केली. पत्ता: घर नंबर चौदा.

११ मार्च, सोमवार

एक गृहस्थ गाडीतून उतरले. खिडकीशी न येता सरळ बाकांजवळ गेले आणि "तो धिप्पाड द्या, तो" म्हणून बोट दाखवायला लागले. मी म्हटलं, "ही मंडई नाही. काम काय ते सांगा, ज्याचा नंबर असेल तो येईल." ते म्हणाले, कोपऱ्यावर असं नव्हतं. मी म्हटलं, कोपऱ्यावर मी नव्हते. शेवटी नंबराप्रमाणे रंगारी गेला, चणीने लहान. संध्याकाळी त्याच गृहस्थांचा फोन, उद्याही तोच रंगारी हवा.

लाकडी खणांत आता माणसं आपली हत्यारं ठेवतात. थापी, ओळंबा, ब्रश. पत्रांपेक्षा शोभून दिसतात.

२० मार्च, बुधवार

लेकीचा फोन. परक्या देशात जाऊन तिला तीन वर्षं झाली, जावयाचे कागद अजून अडकलेलेच. घर बदललं म्हणे, पण कचेरीत अजून मैत्रिणीचाच पत्ता दिलेला आहे. नवीन घरमालक नाव लावू देत नाही.

मी म्हटलं, "पत्ता सुवाच्य अक्षरात लिहीत जा म्हणजे झालं."

असतात एकेकाच्या अडचणी.

२ एप्रिल, मंगळवार

आज त्रेपन्न जण आले, छत्तीस कामावर गेले. रांगेत दोन हात अंतर ठेवायची सवय लागली आहे. आल्यावर नमस्कार करायची सवयही लावली. सुरुवातीला लाजायचे, आता खणखणीत करतात. सफाईवाली म्हणते, "बाई, अजून प्रार्थना तेवढी राहिली."

मी म्हटलं, विचार करते.

तिचा चेहरा पडला.

१५ एप्रिल, सोमवार

जोडेवाल्या शेटना भेटून आले. कोपऱ्यावरच्या गर्दीविरुद्ध पहिला तक्रार अर्ज यांचाच होता. वाटलं, दुकानापुढचा रस्ता मोकळा झाला, चार बरे शब्द बोलतील. ते म्हणाले, "बाई, रस्ता मोकळा झाला ते ठीक. पण पालिकेचा हॉल त्यांना कशाला? त्यांना त्यांच्या देशात हॉल नाहीत का?"

मी चपलेचा पट्टा तिथे लावायला दिला होता, तो परत घेतला. दुसरीकडे लावीन.

३० एप्रिल, मंगळवार

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. वहीत नावांची संख्या एक्क्याऐंशी झाली, त्यातली चौसष्ट माणसं घर नंबर चौदामध्ये राहतात. इतकी माणसं एका घरात कोंबणारा मालक कोण आहे? झोपत तरी कशी असतील? वेळ काढून जाऊन त्या मालकाला जाब विचारायचा आहे. आरोग्य खात्याला अर्ज करायचा तो नंतर.

फरशीवाल्याला विचारलं, "चौदा नंबरला पाण्याची सोय कशी काय?"

तो म्हणाला, "पाणी नाही, बाई. वीज मात्र भरपूर."

६ मे, सोमवार

समितीचं पत्र आलं. केंद्र पुढे चालवण्यास अनुकूलता आहे, मात्र नोंदवही सतरा तारखेच्या आत जमा करावी. ती परदेशी रहिवाशांच्या तपासणी विभागाकडे "केवळ माहितीसाठी" जाईल. वही दिली तर एक वर्षाची मुदतवाढ. नाही दिली तर हॉल परत.

पत्र दोनदा वाचलं. खरं सांगायचं तर माझं पहिलं मत असं की द्यावी. लपवण्यासारखं काय आहे? कामाला येतात, काम करून जातात. पण मी सहा मार्चला काय बोलले ते याच डायरीत लिहिलेलं आहे. वाचून पाहिलं. त्यात कुठेही "परंतु" नाही.

९ मे, गुरुवार

अध्यक्षांना भेटले. वही देता येणार नाही असं सांगितलं.

"अहो बाई, कुणाला धरून नेणार नाहीत. नुसती यादी हवी आहे."

"नुसती यादी कशाला लागते?"

"तपासायला."

"तपासून?"

ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "तुम्ही शाळेत असताना वरून हजेरीपट मागितला तर देत होता ना?"

"देत होते. पण पट बाहेर जाणार नाही असा शब्द मी मुलांना दिलेला नव्हता."

"मग इथे कशाला दिलात?"

विचारलं म्हणून दिला. त्या दिवशी एवढं सोपं वाटलं होतं.

सतरापर्यंत विचार करा, म्हणाले.

१२ मे, रविवार

आज कालव्याच्या गल्लीत गेले. मालकाला काय काय बोलायचं ते मनाशी ठरवलं होतं. गल्ली लहान, दोन्ही बाजूंना घरं, नंबर नीट लावलेले. बारा नंबरला एक म्हातारे गृहस्थ झाडांना पाणी घालत होते. बारानंतर घर नाही. लोखंडी कुंपण, आत विजेचा ट्रान्सफॉर्मर. कुंपणावर कवटीचं चित्र, खाली "धोका" लिहिलेलं आणि पांढऱ्या रंगात १४.

म्हाताऱ्यांना विचारलं, चौदा नंबर दुसरा कुठे आहे का? ते म्हणाले, "हाच. तुम्हाला कोण हवंय?"

चौसष्ट जण हवे होते. त्यांना काय सांगणार?

घरी येऊन दोन तास नुसती बसले. दोन महिने ज्यांच्यासाठी पहाटे उठते, ज्यांच्यासाठी गुरुवारी अध्यक्षांशी वाद घालून आले, त्या प्रत्येकाने माझ्या तोंडावर खोटं सांगितलं. आणि मी शाईच्या पेनाने, सुवाच्य अक्षरात ते लिहून घेतलं. आडनावही कुणाचं असेल देव जाणे.

राजीनाम्याचा मसुदा केला. फाडला नाही.

१३ मे, सोमवार

सात वाजता सगळे आत आल्यावर दार लावून घेतलं आणि विचारलं, "चौदा नंबरला कोण राहतं?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मी ट्रान्सफॉर्मर बघून आले आहे."

फरशीवाला उठला. म्हणाला, "बाई, पहिल्या दिवशी पहिला मीच होतो. जे तोंडात आलं ते सांगितलं. तुम्ही काही बोलला नाहीत. मागच्यांना वाटलं, हे चालतंय, तर हेच बरं."

"चौसष्ट जणांना?"

"रांगेत सगळं ऐकू येतं ना."

रंगारी म्हणाला, "मला खरा पत्ता सांगायचा होता. पण एकट्याचाच वेगळा बरा दिसला नसता."

मी म्हटलं, "तुमच्या नावांसाठी मी अध्यक्षांना नाही म्हणून आले, आणि वहीत नावंच नाहीत!" मग समितीचं पत्र वाचून दाखवलं. ते दाखवायचं की नाही हे ठरवलेलं नव्हतं, रागात वाचलं गेलं.

सफाईवाली म्हणाली, "एवढंच ना? मग द्या की वही. त्या ट्रान्सफॉर्मरला काय कुणी पकडून नेणार आहे?"

सगळा हॉल हसला. मी हसले नाही.

फरशीवाल्याने विचारलं, "वही दिली तर हॉल राहील?"

"राहील."

"मग अडचण काय?"

"ती खोटी आहे हे मला माहीत आहे. माहीत असताना माझ्या सहीने देणार नाही."

"खरी असती तर दिली असती?"

"नाही. शब्द दिला होता."

तो म्हणाला, "म्हणजे खरी असली तरी नाही, खोटी असली तरी नाही. मग बाई, कशी असती तर दिली असती?"

मी म्हटलं, "नंबर एक, खिडकीवर या. गवंड्याचं काम आलं आहे."

१४ मे, मंगळवार

लेकीला फोन केला. विचारलं, मैत्रिणीचा पत्ता दिलास तो त्या मैत्रिणीचा तरी खरा आहे का? ती म्हणाली, "आई, ती तिथून कधीच गेली. सगळे करतात असं. खरा दिला तर घर जाईल."

तिला रागावले नाही. ती लांब आहे, फोनवर रागावून काय उपयोग.

राजीनाम्याचा मसुदा सापडत नाही. कचऱ्यात गेला असेल.

१६ मे, गुरुवार

समितीला पत्र दिलं. चार परिच्छेद. वही देणार नाही. त्याऐवजी दर दिवशी किती माणसं आली, कोणत्या कामाला किती गेली, याचा तक्ता जोडला आहे. तिसऱ्या परिच्छेदात मांडलं आहे की भिंत सरळ आली की नाही हे ओळंब्याने कळतं, गवंड्याच्या आडनावाने नाही. हा परिच्छेद चांगला उतरला आहे.

दुपारी फरशीवाला खिडकीशी घुटमळत होता. "बाई, हे अध्यक्ष ऐकतात तरी कुणाचं?"

"व्यापाऱ्यांचं. निवडून यायचं असतं त्यांना. बाकी कुणाचं ऐकत नाहीत."

"व्यापाऱ्यांत सगळ्यात मोठं तोंड कुणाचं?"

"जोडेवाल्या शेटचं. का?"

"असंच. इथली माहिती असलेली बरी."

इथलं समजून घ्यायची इच्छा आहे, ही चांगली गोष्ट आहे.

१८ मे, शनिवार

पालिकेचा माणूस येऊन सील लावून गेला. मेअखेरपर्यंतही थांबले नाहीत. हत्यारं काढून घ्यायला अर्धा तास दिला. खणांतून थाप्या, ब्रश, करवती निघाल्या. सफाईवालीने जाण्याआधी सगळी फरशी पुसली. मी म्हटलं, आता कशाला? ती म्हणाली, "घाण ठेवून गेले म्हणायला नकोत."

जुनी नोंदवही मी घरी आणली आणि मोरीत जाळली. कागद जाड असल्याने वेळ लागला. शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, काय करपलं. दूध म्हटलं. गेल्या कित्येक वर्षांत मी बोललेलं हे पहिलं खोटं असेल.

२१ मे, मंगळवार

कोपऱ्यावरून गेले. सगळे तिथेच होते. मनाला लागलं, पण एक गोष्ट पाहून बरंही वाटलं. शिस्त मोडलेली नाही. जोड्यांच्या दुकानाच्या दारापासून रांग, मधे दोन हात अंतर, कपडे स्वच्छ, आणि दुकानात जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला ओळीने नमस्कार. साठ-सत्तर जण एकेक करून "नमस्कार" म्हणतात तेव्हा दारापर्यंत पोचायला वेळ लागतो. एक बाई अर्ध्यातून परत फिरली.

आश्चर्य म्हणजे रंगारीही होता. त्याला गेल्याच आठवड्यात कारखान्यात पक्कं काम लागलं आहे. असे आठ-दहा दिसले. धंद्यात मंदी असावी.

२३ मे, गुरुवार

सकाळी सकाळी जोडेवाल्या शेटचा फोन.

"बाई, तुमची पोरं घेऊन जा!"

"पोरं नाहीत, कामगार आहेत. आणि हॉलला सील आहे."

"चार दिवसांत एक जोड विकला गेला नाही."

"ते काही दंगा करतात का?"

"दंगा केला असता तर बरं झालं असतं! पोलिसांना बोलावलं, पोलिसांनाही नमस्कार केला. हवालदार म्हणतो, शेट, तक्रार काय लिहू? अदबीने वागतात?"

"मग माझ्याकडे काय काम आहे?"

"हॉल उघडा की!"

मी त्यांना समजावून सांगितलं की माझ्या हातात काही नाही, समितीने नावांची यादी मागितली आहे आणि ती मी दिलेली नाही. ते ओरडले, "यादी घेऊन काय चाटायचीय? मला रस्ता मोकळा पाहिजे!"

समिती मंगळवारी बसते आहे, एवढी माहिती मी दिली. त्यात गैर काही नाही, सभेची वेळ जाहीर असते.

२८ मे, मंगळवार

सभेला गेले होते. जोडेवाले शेट अकरा व्यापारी घेऊन आले होते. त्यांनी काय भाषण केलं ते मला नीट कळलं नाही, फार मोठ्याने बोलत होते. मग अध्यक्षांनी ठराव मांडला: केंद्राला एक वर्षाची मुदतवाढ. नावांची सक्ती नाही. रोजची संख्या आणि कामाचा प्रकार एवढी नोंद पुरेशी. एकमताने मंजूर.

बाहेर पडताना मी अध्यक्षांचे आभार मानले. म्हटलं, पत्र वाचून तुम्ही मन बदललंत, हे कौतुकास्पद आहे. ते म्हणाले, "कोणतं पत्र?" मग म्हणाले, "हां हां, पत्र."

तिसरा परिच्छेद पटला असणार.

३ जून, सोमवार

सील निघालं. सातच्या आधीच रांग होती. नवीन वही घातली आहे: नंबर, काम, जायची वेळ, यायची वेळ. चार रकाने. पहिल्या पानावर एकाही माणसाचं नाव नाही. हात आपोआप पाचवा रकाना आखायला गेला होता.

रंगारी आज दिसला नाही. कारखान्यात परत घेतलं असावं.

फरशीवाल्याला विचारलं, "तिकडे एवढा मोठा बाजार, तुम्ही नेमके जोड्यांच्या दुकानासमोरच का उभे राहिलात?"

"सावली होती, बाई."

त्या बाजूला सकाळी ऊन असतं. त्याच्या लक्षात आलं नसेल.

सफाईवाली पोछा पिळत होती. तिला खोकल्याची उबळ आली आणि ती बाहेर गेली.

दहाच्या सुमारास हॉल बराचसा रिकामा झाला. फरशीवाल्याचा नंबर अजून यायचा होता. तो खिडकीशी आला आणि हळू आवाजात त्याने एक शब्द सांगितला. मला वाटलं, काही हवं आहे. म्हटलं, स्वच्छ बोला.

"नाव, बाई. माझं."

मी पेन उचललं, मग ठेवलं. म्हणून पाहिलं. त्याने मान हलवली, मधलं अक्षर चुकलं म्हणाला. पुन्हा म्हटलं. आता शेवट चुकला. एकोणतीस वर्षं मी मुलांचे उच्चार सुधारले, माझे कुणी सुधारले नव्हते. तो तिथे गुडघ्यांचे पट्टे बांधून उभा, मी जाळीच्या आत, आणि त्याने मला ते तिसऱ्यांदा म्हणायला लावलं.

"बरोबर," तो म्हणाला, आणि जाऊन बाकावर बसला.

घरी चालत येताना चार-पाच वेळा मनात घोकलं. आता नीट येतं. इथे लिहीत नाही.